गळाला शिसे कशाला?

अक्कलकोट म्हटले की स्वामी समर्थांचा वटवृक्ष डोळ्यांपुढे येतो, मासे कोणाच्या मनातही येत नाहीत. पण तालुक्यात बोरी नदीवर कुरनूरचे धरण आहे, आणि धरण आले की काठावर गळ टाकून बसणारी मंडळी आलीच. आपल्याकडे त्यांना रिकामटेकडे समजण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. या बसण्यात पुष्कळ डोके लागते.

सरकत्या वजनाचेच पाहा. गळ लांब जावा, तळाशी टिकावा म्हणून नायलॉनच्या दोरीला वजन लागते. ते गाठ मारून पक्के बांधले, तर आमिष तोंडात धरून निघालेल्या माशाला ओढ जाणवते आणि तो ते थुंकून टाकतो. म्हणून जाणकार माणूस भोकाचे वजन दोरीत नुसते ओवतो. गळाच्या हातभर अलीकडे मणी आणि गाठ, म्हणजे वजन गळावर घसरत नाही. मासा निघाला की वजन तळाशीच राहते, दोरी भोकातून मोकळी धावते आणि काठावरच्या बोटाला खबर पोचते. मात्र ओझे न जाणवल्यामुळे मासा गळ खोल गिळू शकतो. दोरी दगडाखाली दाबून चहाला जाणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

माझे भांडण आहे ते शिशाशी. ते जड, मऊ. पोरे बारीक तुकडे दातांनी दाबून दोरीवर बसवतात! शिसे विषारी आहे आणि त्याची सर्वांत जास्त बाधा मुलांच्या मेंदूला होते. तळाशी तुटून राहिलेले तुकडे पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात. ब्रिटनमध्ये राजहंस असे मरू लागले, तेव्हा १९८७ साली तिथे गळाच्या लहान शिसे-वजनांवर बंदी आली. दोनचार तुकड्यांनी धरण नासत नाही, हे कबूल. पण कुरनूरचे पाणी अक्कलकोट पिते. त्यात जाणूनबुजून शिसे कशाला टाकायचे?

भंगारातला लोखंडी नट घ्यावा. भोक आयतेच असते. लोखंड शिशाहून हलके, म्हणून आकार साधारण दीडपट लागेल. आतल्या आट्यांनी दोरी कापली जाते; तिथे संपलेल्या रिफिलच्या नळीचा तुकडा घट्ट बसवला की काम झाले.