जागा घरची, काम कंपनीचे

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हिंजवडी-खराडीच्या काचेच्या इमारतींतली नोकरी बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर येऊन पोचली. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, उसाच्या फडाला लागून असलेल्या घरांत माडीवर टेबल मांडले गेले. ‘पोरगं घरी बसलंय’ असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना ते रात्री अकरापर्यंत नोकरीच करते आहे, हे उमजायला काही महिने लागले. कंपन्यांना तरी ते पुरते उमजले का?

कंपनीने बहुधा लॅपटॉप दिला. खोली, वीज, इन्व्हर्टर, रेंजसाठी आणखी एक सिमकार्ड, हे घराने उभे केले. काही कंपन्यांनी खुर्चीसाठी वा इंटरनेटसाठी भत्ता दिला, पण तो मेहरबानी म्हणून. हक्क म्हणून नव्हे. कार्यालयाचा खर्च वाचला, तो कुठे गेला हे कोणी विचारले नाही. सुनेचे हाल तर दुहेरी. कंपनीच्या लेखी ती कामावर आणि घरच्यांच्या लेखी ती ‘घरीच तर आहे’!

घरून काम ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. सोलापूरच्या बायकांनी घरात बसून पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळल्या. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरकामगारांना इतर कामगारांसारखीच वागणूक द्या, असा करार केला. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही. विडीवालीला कागदोपत्री जे मिळाले, त्याचा विचार संगणकवाल्यासाठी कोणी करायचा?

घरी माणूस आळसावतो, ही साहेबांची जुनी शंका. चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीने २०१०-११ मध्ये नऊ महिने प्रयोग केला. स्वतंत्र खोली असलेल्यांनाच घरून काम दिले. त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, नोकरी सोडणारे निम्मे झाले. मात्र नंतर निवड करू दिली, तेव्हा एकटेपणाला कंटाळून बरेच जण कार्यालयात परतले. याचा अर्थ सरळ आहे: सोय हवी आणि निवडही हवी.

आपल्याकडे मात्र लहर दिसते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० मध्ये सांगितले, की २०२५ पर्यंत २५ टक्क्यांहून अधिक कर्मचारी एका वेळी कार्यालयात लागणार नाहीत. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस बोलावले. नवख्याला जुन्याजाणत्यांशेजारी बसूनच शिकता येते, हे कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. पण तेवढ्यावरून सगळ्यांना एकाच दावणीला का बांधायचे?

आपल्या गावच्या डेअरीत दुधाचे माप घेतात, फॅट पाहतात. म्हैस कोणाच्या गोठ्यात उभी होती, हे विचारत नाहीत. कंपन्यांनीही काम मोजावे, खुर्ची नव्हे. घरून कामाचे तास, वीज-इंटरनेटचा खर्च आणि बढतीतला वाटा नेमणूकपत्रात लिहून द्यावा. तसे झाले, तर इंदापूरच्या पोरीला नोकरी आणि गाव यांतले एक सोडावे लागणार नाही. नाहीतर घर कंपनीचे बिनभाड्याचे कार्यालय होईल आणि गरज सरताच कुलूपही कंपनीच लावील.