मिळून न येणारी माणसे

‘सदर इसम मिळून येत नाही’ हा शेरा घेऊन परत आलेल्या वॉरंटांनी आपल्या फौजदारी न्यायालयांतील कित्येक खटल्यांची वाट अडवून धरली आहे. ही वॉरंटे किती, किती जुनी आणि कोणाच्या नावची, हे सामान्य नागरिकास कोठेही पाहावयास मिळत नाही.

अटक वॉरंट ही न्यायालयाने पोलिसांवर काढलेली हुंडीच होय, आणि तिला मुदत नाही. ते बजावले जाईपर्यंत अथवा न्यायालय रद्द करीपर्यंत जिवंत राहते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम ७२ मध्ये, कायम आहे. कोणतीही बँक आपल्या थकबाकीची वयानुसार वर्गवारी करते. तशी ती न केल्यास हिशेबतपासनीस हरकत घेतो. मग एवढे साधे हिशेबशास्त्र न्यायव्यवस्थेला का लागू असू नये?

या अनास्थेची किंमत कोण मोजतो? पोटगीचा हुकूम मिळालेली स्त्री पहा. वाळूजच्या कारखान्यात नवऱ्याचे नाव हजेरीपटावर असते, पगारही नियमित निघतो. पण वसुलीचे वॉरंट घेऊन गेलेल्या शिपायास मात्र तो ‘मिळून येत नाही’. उलट बाजूने ऊसतोड मजूर पहा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली टोळी बीड वा कन्नडकडून पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडी परतते. दरम्यान गावच्या पत्त्यावर आलेले समन्स त्याला ठाऊकही नसते. तारखा चुकतात, वॉरंट निघते आणि परतल्यावर किरकोळ प्रकरणात तो पकडला जातो. वॉरंट रद्द करून घेण्यासाठी वकिलाची फी आणि बुडालेली मजुरी, म्हणजे पुन्हा मुकादमाचे कर्ज.

वास्तविक न्यायालयांनी हा मार्ग केव्हाच आखून दिला आहे. प्रथम समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि अगदी शेवटी अजामीनपात्र, हा क्रम सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितला. मुंबईतील एका वकिलावरील वॉरंट ऑगस्ट २००२ मध्ये रद्द झाले असतानाही १५ ऑगस्टला, ऐन स्वातंत्र्यदिनी, पोलिसांनी त्यांना त्याच वॉरंटावर अटक केली. वॉरंट रद्द झाल्याचे सांगूनही उपयोग झाला नाही. त्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटांवर अनुक्रमांक असावेत, प्रत्येक न्यायालयाने नोंदवही ठेवावी, रद्दतेचा हुकूम तात्काळ पोलिसांकडे जावा, असे निर्देश दिले. कायदा जाणणाऱ्याची ही गत, तर कोयता घेऊन परगावी गेलेल्याची काय कथा!

आणि प्रतिष्ठितांचे काय? लोकप्रतिनिधींवरील खटल्यांचा अहवाल २०२० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. देशभरात ४,४४२ खटले प्रलंबित होते आणि त्यांतील अनेकांत अजामीनपात्र वॉरंटेही बजावलेली नव्हती. ज्यांच्या सभेला पोलीस बंदोबस्त देतात, ते पोलिसांना सापडत नाहीत, हे ज्याने मानावयाचे त्याने मानावे.

संगणक आले, सीसीटीएनएस आले, समन्स भ्रमणध्वनीवर धाडण्याची सोय कायद्यात झाली. आमचा त्याला विरोध नाही. परंतु न्यायालयाने सकाळी रद्द केलेले वॉरंट सायंकाळपर्यंत ठाण्याच्या यादीतून निघाले नाही, तर ते यंत्र चुकीची अटक अधिक वेगाने करील, इतकेच.

म्हणून पोलीस आयुक्त व ग्रामीण अधीक्षक यांनी दर तिमाहीस ठाणेवार गोषवारा जाहीर करावा: किती वॉरंटे सहा महिन्यांवरील, किती पाच वर्षांवरील, किती पोटगीची. नावे छापण्याची गरज नाही. ‘मिळून येत नाही’ या शेऱ्याखाली शिपाई कोठे, केव्हा गेला व कोणास विचारले, याची नोंद सक्तीची असावी. किरकोळ प्रकरणांतील जुनी वॉरंटे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांमार्फत, टोळ्या गावी असतात त्या मे-जूनमध्ये, विनाखर्च निकालात काढता येतील. छत्रपती संभाजीनगरात १९८१ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. २०११ च्या निर्देशांतील नोंदवह्या मराठवाड्यातील प्रत्येक न्यायालयात खरोखर भरल्या जातात काय, याची तपासणी येथूनच सुरू व्हावी.