पाकिटावरचा चौकोन

गेल्या आठवड्यात मेडिकलमध्ये औषधं घ्यायला उभी होते. माझ्यापुढे साठी ओलांडलेल्या एक मावशी. त्यांनी कापडी पिशवीतून गोळ्यांची तीन रिकामी पाकिटं काढून काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "यातली बीपीची कुठली? मागच्या वेळी पांढरी होती, आता गुलाबी दिलीय. तीच आहे का रे दादा? आणि घ्यायची कधी?" दुकानदार भला माणूस. त्याने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, "औषध तेच आहे मावशी, कंपनी वेगळी," असं सांगितलं, कात्रीने गोळ्या कापल्या आणि कागदी पुड्यांवर पेनाने सकाळ-रात्रीच्या खुणा केल्या. एका पाकिटावर काळा-पांढरा बारीक चौकोन छापलेला होता. क्यूआर कोड. मावशींकडे फोन नव्हता.

१ ऑगस्ट २०२३ पासून ३०० नामांकित ब्रँडच्या औषधांवर हा कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की औषधाचं मूळ नाव, ब्रँड, कंपनीचा पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक एवढं कळतं. बनावट औषध ओळखायला हे उपयोगी आहे आणि ही सक्ती मला योग्यच वाटते. मावशींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही त्यात आहे. गोळीचा रंग बदलला, ब्रँड बदलला, तरी मूळ नाव आणि मात्रा तीच असेल तर औषध तेच. पण हे उत्तर वाचायला स्मार्टफोन हवा, इंग्रजी अक्षरं लागायला हवीत आणि मूळ नाव ताडून बघायचं असतं हे आधीच ठाऊक हवं. गोळी कशाची आणि कधी घ्यायची, हे तर त्या कोडात नसतंच. शिवाय गोळ्यांच्या पाकिटावर जागा पुरत नसेल तर तो बाहेरच्या खोक्यावर छापायची मुभा आहे. सुट्या गोळ्या घेणाऱ्याच्या हाती ते खोकं येत नाही.

आरोग्याची माहिती ऑनलाइन ठेवली की ती सगळ्यांना मिळाली, असं आपण धरून चालतो. हे गृहीतक किती महाग पडतं, ते २०२१ साली आपण पाहिलं आहे. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटासाठी कोविडचं लसीकरण खुलं झालं आणि नोंदणी फक्त कोविन पोर्टलवरून. पोर्टल तेव्हा इंग्रजीत. ओटीपी यायचा, कॅप्चा भरायचा, आणि तोवर काही सेकंदांत जागा संपलेल्या असायच्या. मुंबई-पुण्याच्या तरुणांनी ग्रामीण केंद्रांवरच्या जागा पकडल्या आणि गाड्या काढून लस घ्यायला गेले. त्यांची चूक नव्हती, जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. पण ज्या गावात ते केंद्र होतं, तिथला शेतमजूर दारातून परत गेला, कारण त्याची नोंदणी नव्हती. मेच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर बोट ठेवलं. केवळ पोर्टलवर विसंबून सर्वांपर्यंत लस पोहोचणार नाही, हे न्यायालयाला सांगावं लागलं. सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची सोय त्याच्या काही दिवस आधी झाली होती. मराठीसह इतर भारतीय भाषा पोर्टलवर आल्या जूनमध्ये. दुसऱ्या लाटेचा सर्वांत भीषण काळ तोवर उलटून गेला होता.

'आता तर घरोघरी फोन आहे,' हे उत्तर मला नेहमी मिळतं. घरात फोन असतो, पण तो कुणाच्या हातात असतो? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्री-पुरुषांना विचारलं होतं, की कधीतरी इंटरनेट वापरलंय का. ग्रामीण भारतात जवळपास निम्म्या पुरुषांनी हो म्हटलं. बायकांमध्ये हे प्रमाण चारांत एक होतं. स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बाया देशभरात ५४ टक्के. त्यानंतर फोन वाढले, डेटा स्वस्त झाला, हे खरं. पण घरातला चांगला फोन अजूनही बहुधा मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो. सून तो भाकऱ्या झाल्यावर दहा मिनिटं मागून घेते. अशा फोनवर ती अंगावरून जाण्याबद्दल, गाठीबद्दल, पाळी लांबवण्याच्या गोळीबद्दल काय शोधणार? शोधलेलं सगळं फोनमध्ये राहतं आणि फोन संध्याकाळी परत द्यायचा असतो.

समजा, फोन मिळाला, एकांतही मिळाला. पुढची अडचण शब्दांची आहे, आणि मला ती सर्वांत खोल वाटते. आपल्या बाया 'पाळी गेली' म्हणतात, सरकारी पानावर 'रजोनिवृत्ती' असते. त्या 'अंगावरून पांढरं जातं' म्हणतात, तिथे 'श्वेतप्रदर'. माणसं शुगर, बीपी, किडनी म्हणतात. पुस्तिका मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंड लिहिते. इंग्रजीची भिंत ओलांडून आलेल्या माणसापुढे आपण संस्कृतप्रचुर मराठीची दुसरी भिंत उभी केली आहे.

हा शब्दांचा फरक जिवावर बेतू शकतो. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा छातीत जोराची कळ येईलच असं नसतं. कधी नुसती धाप लागते, मळमळतं, जबडा किंवा पाठ दुखते, दरदरून घाम फुटतो. अशी बाई काय म्हणते? 'पित्त झालंय.' 'घाबरल्यासारखं होतंय.' 'कसंनुसं होतंय.' हे शब्द फोनमध्ये टाकले की जिरं चावून खायचा आणि थंड दूध प्यायचा सल्ला समोर येतो. १०८ला फोन करून गाठायचं ते रुग्णालय त्या उत्तरात येत नाही, कारण हृदयविकारावर लिहिणाऱ्याला 'घाबरल्यासारखं' हा शब्द कधी सुचलेलाच नसतो. २०११च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. एवढ्या माणसांच्या दुखण्याच्या भाषेत धड माहिती लिहिली जात नाही, ही खंत माझ्या मनातून जात नाही.

लबाडीला मात्र ही भाषा नीट येते. इन्सुलिनची सवय लागते, ते बंद करा आणि हा काढा घ्या, असं सांगणारा व्हिडिओ घरगुती मराठीत, आपुलकीच्या सुरात येतो. आता बोलून शोधता येतं, अक्षरओळखीची अट उरली नाही, याचं मी मनापासून स्वागत करते. पण बोलून शोधणाऱ्याला जर खोटंच आधी ऐकू येणार असेल, तर शाळेत कमी गेलेल्या माणसाच्या वाट्याला माहितीबरोबर धोकाही जास्त येतो. टाइप वन मधुमेहाच्या रुग्णाने इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत प्राणावर बेतू शकतं.

यावर उपाय नवा शोधायची गरज नाही, तो याच महाराष्ट्रात सापडलेला आहे. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. गावातल्या बायांनाच त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या. त्या शिकून गावात परतायच्या आणि शेजारणीला शेजारणीच्या शब्दांत सांगायच्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने त्याच वाटेवर श्वास मोजायचं एक साधन केलं. बाळाला न्यूमोनिया आहे का हे ठरवायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात, आणि दाईला तेवढे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून तिच्या हाती मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी दिले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर आलं, की श्वास धोक्याच्या वेगाने चाललाय. दाईने आधी शिकावं आणि मग यावं, असं त्यांनी म्हटलं नाही. तिला जमेल अशा रूपात ज्ञान तिच्यापर्यंत नेलं.

ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेचा अनुभवही हेच सांगतो. डॉक्टरांचा सल्ला दोन वाटांनी मिळतो. एक, रुग्णाने स्वतःच्या फोनवरून घ्यायचा. दुसरी, गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी शेजारी बसून डॉक्टरांशी बोलणं घडवून आणतात. यातले बहुतांश सल्ले दुसऱ्या वाटेने झाले आहेत. शेजारी माणूस असला की तंत्रज्ञान चालतं.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. आरोग्याची कुठलीही सेवा वा योजना फक्त ऑनलाइन असता कामा नये. खिडकीवर, कागदावर आणि तोंडी मिळण्याची वाट कायम खुली हवी. आरोग्य विभागाने मराठीत काहीही प्रसिद्ध करण्याआधी ते एखाद्या गावातल्या दहा बायांना वाचून दाखवावं आणि त्यांना जे कळलं नाही ते बदलावं. आशाताईंच्या मोबदल्याच्या यादीत समजावून सांगण्याच्या वेळेलाही पैसे असावेत. आज त्यांच्या कामाचे तास अॅपमध्ये नोंदी भरण्यात जातात आणि बोलणं राहून जातं. औषधाच्या पुडीवर मराठीत आणि सूर्य-चंद्राच्या चित्रांत वेळ छापून देणं प्रत्येक दुकानाला बंधनकारक करावं. यातलं काहीच अशक्य कोटीतलं नाही.

त्या दिवशी पुडी घेऊन मावशी लगेच निघाल्या नाहीत. "म्हणजे गुलाबी सकाळी, चहा-बिस्कीट झाल्यावर. आणि ही बारकी रात्री," असं त्यांनी दुकानदाराला म्हणून दाखवलं. मागे आम्ही सहाजण ताटकळत होतो, फोनवर त्याची ऑर्डर चालू होती. तरी त्याने फोन कानापासून दूर धरून शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली. मग मावशींनी पुड्या पिशवीत ठेवल्या आणि त्या पायरी उतरल्या.