रोग्याची कैफियत

मांडवीच्या बंदरावरचा वृद्ध खलाशी, "रातीची छातीत भरती चढते," असे सांगत असता कागदावर केवळ 'धाप' एवढीच नोंद करणारा तरुण डॉक्टर, ती रात्री, आडवे झाल्यावरच चढते हा निदानास मोलाचा तपशील गमावून बसतो. मालगुंडात जन्मून १९०५ साली हुबळीस प्लेगने निवर्तलेल्या कवी केशवसुतांच्या या रत्नागिरी जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यास एक तास कवितावाचनास मिळावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. २०१९पासून अभ्यासक्रमात संवादकौशल्य सक्तीचे झाले खरे. परंतु दुसऱ्याच्या शब्दापाशी थांबण्याची सवय परीक्षेच्या धास्तीने नव्हे, एकच कडवे पुनःपुन्हा मोठ्याने वाचून लागते. आणि हा तास पहिल्याच वर्षी, शवविच्छेदनाने मन निबर होण्यापूर्वी, सुरू व्हावा.