उलाळ गाडी

बैलगाडी भरताना जुने गाडीवान एका गोष्टीला फार जपत. ओझं मागे जास्त झालं की जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, गळ्याखालचा पट्टा आवळतो आणि चढावर जनावर घुसमटतं. अशा गाडीला ‘उलाळ’ म्हणत. दिवाळी सरली की पुण्या-मुंबईहून भंडारदऱ्याकडे, कासकडे, कोकण किनाऱ्याकडे निघालेल्या आपल्या मोटरसायकली पाहताना हा शब्द मला हटकून आठवतो. मागच्या सीटवर डफल, डफलवर तंबू, तंबूवर स्लीपिंग बॅग, कॅरियरवर घडीची खुर्ची, खुर्चीच्या पायात अडकवलेली शेगडी आणि सगळ्याच्या टोकाला वाळत घातलेला टॉवेल. इथे बैलांच्या जागी पुढचं चाक असतं, एवढाच फरक. बैल निदान थांबतो तरी.

हिशेब शाळेतल्या तरफेचा आहे. बहुतेक टूरिंग गाड्यांच्या दोन आसांमध्ये 1400 मिलिमीटरच्या आसपास अंतर असतं. 20 किलोची बॅग मागच्या आसाच्या 35 सेंटिमीटर मागे बांधली, तर मागच्या चाकावर 20 नव्हे, 25 किलो येतात आणि पुढच्या चाकावरचे 5 किलो कमी होतात. तेच 20 किलो आसाच्या 35 सेंटिमीटर पुढे, पिलियनच्या पायांच्या जागी, दोन्ही बाजूंना वाटून लावले, तर पुढच्या चाकावर 5 किलो वाढतात आणि मागे फक्त 15 येतात. सामान तेच, गाडी तीच. पाच किलोनं काय होतं, असं वाटत असेल तर घाटातल्या हेअरपिनवर, चढ चालू असताना आणि कडेची खडी रस्त्यावर आलेली असताना हँडल वळवून पाहा. चढावर वजन आधीच मागे गेलेलं असतं. त्यात आपण हौसेनं भर घातलेली असते. हायवेवर ऐंशी-नव्वदच्या वेगाला हँडल थरथरतं तेव्हा आपण टायरवाल्याकडे जातो आणि बॅलन्सिंग करून घेतो. बॅग तिथेच राहते.

या विषयातला माझा गुरू मात्र कुठल्या रायडिंग अकॅडमीतला नाही. सकाळी गावातून डेअरीकडे जाणारा दूधवाला पाहा. दोन बाजूंना दोन कॅन. 40 लिटरचा कॅन दुधानं भरला की नुसतं दूधच एकेचाळीस किलोच्या घरात जातं. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर ऐंशीहून जास्त किलो घेऊन तो शेतातल्या कच्च्या वाटेनं येतो आणि हसत हात दाखवतो. त्याचा हुक खाली असतो, कॅन गाडीला चिकटून असतो, दोन्ही बाजू सारख्या असतात आणि दूध हिंदकळू नये म्हणून कॅन तोंडापर्यंत भरलेला असतो. वजन किती न्यावं याबाबतीत त्याचं अनुकरण कुणी करू नये, गाडी बनवणाऱ्यानं एवढ्या ओझ्याचा विचार केलेला नसतो. पण कुठे बांधावं हे त्याच्याइतकं नीट सांगणारं पॅनियरचं माहितीपत्रक माझ्या पाहण्यात नाही.

2016 साली हिमालयन आली, तिच्यामागून एक्सपल्स आली, आणि सामान बांधण्याची सोय असलेली गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. त्याबरोबर एक गैरसमजही आला, की सोय आहे म्हणजे ती भरलीच पाहिजे. यात मी कुणाला उपदेश करण्याच्या लायकीचा नाही. दोन वर्षांपूर्वी बांधलेल्या बॅगा मी गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवल्या होत्या. दोन रात्रींच्या कोकणवारीसाठी 31 किलो. रद्दीवाल्यानं बॅगेवर हात ठेवून विचारलं, “सगळंच द्यायचंय?” घरी येऊन बॅगा उपसल्या तेव्हा कळलं की मुक्कामाचं खरं सामान फारसं जड नव्हतं. तंबू, झोपायची पिशवी, मॅट, शेगडी, भांडं, सगळं मिळून नऊ किलोंत बसत होतं. उरलेलं सगळं ‘असू दे’ खात्यातलं होतं. बिडाचा तवा असू दे. दुसरी जीन्स असू दे. ट्रायपॉड असू दे. पाच लिटरचा पाण्याचा कॅन असू दे. तोही घरून भरलेला, जणू वाटेत सातारा-कोल्हापूरकडे कुणी पाण्याला विचारणारच नाही. पाणी मुक्कामाच्या आधीच्या गावात भरावं, पाच किलो दिवसभर कशाला वाहायचे?

घोंगडीचा मात्र मला निर्णय करता आलेला नाही. ओली झाली तरी ऊब देते, ठिणगी पडली तर सिंथेटिकसारखी वितळत नाही, आणि खाली अंथरली की थंडीचा निम्मा प्रश्न मिटतो, कारण सह्याद्रीतल्या डिसेंबरात अंगावरच्या पांघरुणापेक्षा जमीनच जास्त ऊब ओढून नेते. पण वजनाच्या आणि जागेच्या हिशेबात घोंगडी हरते. मी ती नेतो आणि दुसरं काहीतरी सोडतो. ज्याचं त्यानं ठरवावं.

आता मुद्दा आपल्यापैकी जे राइड काढतात त्यांचा. सहा गाड्यांचा गट निघतो तेव्हा सहा शेगड्या असतात, सहा हवेचे पंप असतात, तीन ब्लूटूथ स्पीकर असतात आणि टायर उतरवायचा पाना एकाकडेही नसतो. हे मी अंदाजानं लिहीत नाही. संगमेश्वरच्या अलीकडे रस्त्याकडेला दोन तास बसून मोजलेलं आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी गटाची एक यादी करावी आणि सामान गाड्यांवर वाटावं. स्वयंपाक एका गाडीवर, हत्यारं आणि ट्यूब दुसरीवर, औषधांची पेटी स्वीपच्या गाडीवर, कारण पडलेल्या माणसापर्यंत शेवटचा रायडरच पोचणार असतो. 21 इंची पुढच्या चाकाची ट्यूब अडीअडचणीला 18 किंवा 17 इंची मागच्या टायरात कोंबून पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं, हे ठाऊक असलं की ट्यूबांची संख्याही कमी होते. वाटायच्या नाहीत अशा गोष्टी थोड्याच आहेत: पाणी, टॉर्च, पावसाळी सूट, एक गरम कपडा, रोजच्या गोळ्या, गाडीचे कागद. या प्रत्येकाच्या स्वतःच्या गाडीवर हव्यात. गट चुकतोच कधीतरी.

हिमालयात जाणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपावरची ‘पुढचा पंप 365 किलोमीटर’ ही पाटी बघून आपण जादा पेट्रोल घेतो. दहा लिटरचे साडेसात किलो होतात, आणि ते सगळ्यात खाली, इंजिनापासून दूर, घट्ट झाकणाच्या कॅनमध्येच हवं. साध्या ब्युटेनचं सिलिंडर शून्याच्या आसपास मान टाकतं, कारण त्या तापमानाला त्याची पुरेशी वाफ होत नाही. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्यावं. गाडी रेल्वेनं पाठवणार असाल तर टाकी रिकामी करावी लागते आणि गॅसचं सिलिंडर डब्यात नेता येत नाही, ते वर पोचल्यावरच विकत घ्यायचं.

सामान चढवल्यावर तीन कामं हमखास राहून जातात. मागच्या टायरची हवा पिलियनसाठी मॅन्युअलमध्ये दिली आहे तेवढी करणं, शॉकअपचा प्रीलोड वाढवणं आणि चेनचा ढिलेपणा सामानासकट तपासणं. गाडी मागे बसली की हेडलाइट वर उचलला जातो, तोही खाली घ्यावा. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचे डोळे आपल्या खुर्चीपायी दिपायला नकोत.

बांधण्याबद्दल मी जरा हट्टी आहे. हुकाचा बंजी मला नको. तो ताणताना सुटला तर थेट डोळ्यावर येतो, आणि खड्ड्यात सामान एकदा उसळलं की हुक निघतो. बकलचा पट्टा उत्तम. तो नसेल तर पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून घ्याव्यात, दहा-वीस रुपयांत वर्षभराची सोय होते. पट्ट्याचं मोकळं टोक मात्र गुंडाळून खोचलंच पाहिजे. वरंध घाटात एकदा माझं असं एक टोक चेन आणि स्प्रॉकेटमध्ये गेलं. वेग पंचवीसचा असेल, मागचं चाक एकदम धरलं आणि मी डोंगराच्या बाजूला पडलो. दुसऱ्या बाजूला पडलो असतो तर हे संपादकीय दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, आणि कदाचित आटोपशीर लिहिलं असतं. निघाल्यावर पहिल्या दहा किलोमीटरला थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढावेत, कारण बॅगेतले कपडे तोवर दबलेले असतात. सायलेन्सरच्या बाजूची सॅडलबॅग हात घालून पाहावी, गरम लागते का.

कुठली वस्तू वर, कुठली खाली, हे घरच्या दिवाणखान्यात ठरवू नये. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आपण चहाला दोनदा जास्त थांबलेले असतो, त्यामुळे तंबू अंधारातच लागणार हे धरून चालावं. टॉर्च आणि तंबू सगळ्यात आधी हाताला लागले पाहिजेत. तंबूच्या काठ्या लांब असतात. त्या पिशवीतून वेगळ्या काढून गाडीच्या लांबीला समांतर बांधल्या की आडवं बोचकं हँडलपेक्षा रुंद होत नाही. झटक्यात उघडणारे तंबू घेऊन फसलेले वाचक दर हंगामात भेटतात. उघडतात झटक्यात खरे, पण मिटल्यावर त्यांची परातीपेक्षा मोठी चकती होते, ती गाडीच्या कुठल्याच अंगाला बसत नाही.

आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ. घरी गुडघा देऊन चेन ओढलेली बॅग तळ्याकाठी परत बंद होत नाही. दवानं तंबू चिंब असतो, वजनानं वाढलेला, घडी जाड झालेली, तळाला चिखल. सोबतची मंडळी हेल्मेट घालून इंजिन चालू करून बसलेली. म्हणून बॅगेचा चौथा भाग मी रिकामा सोडतो आणि ओल्या तंबूसाठी खताची एक धुतलेली गोणी घडी करून सीटखाली ठेवतो. ती रात्री दारापुढे पायपुसणं होते, सकाळी तंबू पोटात घेते, आणि रविवारी संध्याकाळी घरच्या गॅलरीत तंबू वाळत पडलेला असताना कोपऱ्यात उलटी टांगलेली असते.