माशाला माप आहे, मग नाल्याला का नाही?



चेंबूर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात शिरले ते सुफलाच्या पोत्यावरून. भुईमुगाच्या टीएजी-२४ या वाणातले पहिले अक्षर ट्रॉम्बेचे आणि दुसरे अकोल्याचे. ट्रॉम्बे म्हणजे चेंबूरला लागूनच असलेला, अणुसंशोधन केंद्राचा भाग. त्याच किनाऱ्यावर माहुल आणि ट्रॉम्बे इथे कोळ्यांची जुनी गावे आहेत. आमचे आज सांगणे आहे ते या गावांच्या खाडीतल्या माशांविषयी. कापूस-ज्वारीवाल्यांनी मासळीची उठाठेव कशाला करावी, असे कोणी विचारील. शेवटपर्यंत वाचावे, मग ठरवावे.

माशांच्या जीवनाचा अभ्यास करणाऱ्यांची आपल्या राज्यात वाण नाही. मुंबईतच वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून आहे. ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनी ठाण्याच्या खाडीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. या सगळ्या अभ्यासातून निघालेल्या गोष्टी शेतकऱ्याला समजायला अवघड नाहीत.

पहिली गोष्ट अशी की खाडी ही समुद्राची रोपवाटिका आहे. कोळंबीच्या अनेक जाती अंडी घालतात समुद्रात, पण त्यांची पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात, तिवरांच्या मुळांत आणि चिखलात वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्रात जातात. रोपवाटिका जळाली तर शेत ओसाड राहते. तसेच खाडी नासली तर दूर समुद्रात जाळे टाकणाऱ्यालाही ते भोवते.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. शहराची घाण पाण्यात आली की ती कुजवणारे जंतू तोच प्राणवायू खाऊन टाकतात. पाणी गरम झाले तर त्यात प्राणवायू मावतोही कमी. अशा पाण्यात नाजूक जाती आधी नाहीशा होतात. टिकते ती निवटी, कारण ओहोटीला उघड्या चिखलावर येऊन ती हवेतला श्वास घेऊ शकते. तेव्हा खाडीत निवटी दिसते म्हणून खाडी ठणठणीत आहे असे समजू नये. शेतात फक्त तणच तग धरून राहिले, तर त्याला आपण पीक म्हणत नाही.

तिसरी गोष्ट, जड धातू आणि तेल चिखलात बसतात. चिखलातले किडे ते खातात, किड्यांना मासे खातात आणि माशांना माणसे.

आता सरकारने या शास्त्राचे काय केले ते पाहा. पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. २०२३ साली राज्याने पापलेटाला राज्यमासा म्हणून जाहीर केले. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०. त्याहून लहान मासा पकडला तर कोळी गुन्हेगार. हेतू असा की प्रत्येक माशाने एकदा तरी वीण करावी. या हेतूला आमचा विरोध नाही. बियाणे खाऊन टाकणारा शेतकरी पुढच्या साली काय पेरणार?

पण हे शास्त्र अर्धेच वापरले गेले. जो अर्धा भाग कोळ्याच्या जाळ्याला लागू पडतो तो तातडीने कायद्यात आला. उरलेला अर्धा भाग नाल्याला, तेलाच्या कारखान्याला आणि महापालिकेला लागू पडतो. तिथे कायदा नाही असे नाही, पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे. फरक एवढाच की कोळ्याचा मासा बंदरावर सर्वांसमक्ष पट्टीने मोजता येतो. नाल्यातून काय वाहते हे मोजणारा वेगळा, मोजणी ठेवणारा वेगळा, आणि ज्याचे नुकसान होते तो कुठेच नाही. जिनिंगच्या दारात आपल्या कापसाची ओल पाहणारा हात व्यापाऱ्याचा असतो, तसाच हा प्रकार. ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती भाव.

मोजणी उत्पादकाच्या बाजूने उभी राहिली तर काय होते तेही सांगतो. खाडीपलीकडे उरणला बंदरासाठी भराव पडला, तिवरे गेली, भरतीचे पाणी अडले. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने १६३० कोळी कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. लवादापुढे नुसते रडगाणे चालत नाही. किती कुटुंबे, किती तिवरे, कोणते पाणी अडले, हे दाखवावे लागते.

आता आपल्या शिवाराकडे या. कापसावर आपण मारतो ती सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशांना फार घातक आहेत. हजार लिटर पाण्यात काही मिलिग्रॅम एवढ्यानेही मासे मरतात, कारण माशाचे शरीर ते विष लवकर मोडू शकत नाही. एंडोसल्फानही असेच होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर २०११ साली बंदी घातली, तोवर ते आपल्या पिकांवर पडतच होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी आणि मजूर मेले, ते कोणी विसरलेले नाही. नाल्यात मेलेला मासा ही आपल्याला मिळालेली पहिली सूचना असते. फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नये, रिकामे डबे ओढ्यात टाकू नयेत, हे आपल्याच हातात आहे. चेंबूरच्या नाल्याला जाब विचारायचा तर आपला ओढाही साफ पाहिजे.

तेव्हा जिल्हा मेळाव्यात तीन ठराव मांडावेत असे आम्हाला वाटते.

एक, सरकारी पैशाने झालेल्या पाण्याच्या आणि माशांच्या तपासणीचे आकडे मराठीत, कोळीवाड्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर वर्षी लागलेच पाहिजेत.

दोन, नमुना घेताना कोळी किंवा शेतकरी प्रतिनिधी हजर असावा आणि त्याची सही असावी.

तीन, ओढ्यात वा तळ्यात मासे मेले तर उदगीर किंवा नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाने नमुना तपासून गावाला लेखी उत्तर द्यावे.

सूट नको, अनुदान नको. जे माप उत्पादकाला, तेच माप नाल्याला, एवढेच मागणे आहे. शास्त्र जर खरे असेल तर ते माणूस पाहून बदलत नाही.