उरलेला माल, दहाचा वाटा

नामपूर म्हटलं की मोसम नदी, कांदा आणि बाजार समितीपुढची ट्रॅक्टरची रांग. पण चांगला माल गेल्यावर मागे काय राहतं, ते बघितलंय का? गोल्टी, खाद, जोड कांदा. भाजीचंही तेच. वाकडं वांगं, तडकलेला कोबी, जास्त पिकलेला टोमॅटो. खायला उत्तम, पण लांबच्या बाजारात त्याला भाव नाही, म्हणून बांधावरच पडतं. आणि तोच कांदा काढायला येणारा मजूर संध्याकाळी भाजीचा भाव विचारून पुढे निघून जातो.

मित्रांनो, ही मधली जागा छोट्या धंद्याची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक याला समाजसेवा म्हणतात आणि चार दिवसांत थकतात.

2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला. शेतकऱ्याकडून थेट बांधावर माल घेता येतो. आता हिशोब बघा. समजा 40 किलो मिसळ भाजी सरासरी 6 रुपयांनी घेतली, 240 रुपये. गाडीभाडं 150. निवडताना 8 किलो बाद गेली. उरली 32 किलो. अर्धा किलोचा वाटा दहा रुपयांना, म्हणजे 640 रुपये. हातात 250. पाच किलो खपली नाही तर 150. एवढ्यावर घर चालत नाही, खोटं कशाला सांगू? ज्याची हातगाडी, किराणा किंवा मेस आधीच आहे आणि गाडी तशीही गावात जातेय, त्यानेच हे करावं. मुंबईच्या डबेवाल्यांनी 2015 मध्ये रोटी बँक सुरू केली, तेव्हा जेवण वाहून नेणारी माणसं त्यांच्याकडे आधीपासून होती. मोठा खर्च वाहतुकीचाच असतो हो!

दहा रुपयांत थाळी देऊ, असं काही जण म्हणतात. शिवभोजन थाळी 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली, तीही दहाला. पण ग्रामीण भागात त्या थाळीची किंमत 35 रुपये धरली होती, वरचे 25 सरकार देणार. तुमचे 25 कोण देणार? आधी ते ठरवा, मग चूल पेटवा.

लग्नातलं, हॉटेलातलं उरलेलं शिजवलेलं अन्न हा वेगळा विषय. त्यासाठी एफएसएसएआयचे 2019 चे नियम आहेत. ते अन्न वाटायचं असतं, विकायचं नाही. धंद्यात मिसळू नका. किराण्यातला मुदत संपत आलेला माल आधीच वेगळ्या फळीवर, कमी भावात लावा. तारीख उलटली की गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असू द्या, द्यायचा नाही.

आणि एक. गरिबाला वाटा देताना खाली सडकं, वर चांगलं, असं करू नका. मजुराची बायको एकदाच फसते, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वस्तीला कळलेलं असतं. निवडायला बसायचा कंटाळा असेल तर हा धंदा सोडाच.

पहिला महिना आठवड्यातून दोनच दिवस करून बघा. वहीत तीन आकडे लिहा: आणलं किती, विकलं किती, फेकलं किती. फेकलेलं पाचव्या हिश्श्याच्या वर जायला लागलं, तर वाट्याचा भाव वाढवू नका, खरेदी कमी करा.